खाडीकाठच्या मुक्कामासाठी आधी तिथी ठरवा, मग खोली

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरहून तुम्ही, वडील आणि नऊ वर्षांची लेक असे तिघं सिंधुदुर्गात खाडीपलीकडच्या एका आडबाजूच्या लॉजवर चार रात्री राहायला जाणार आहात. गाव लांब, शेवटचा टप्पा होडीनं. तिथं समुद्रकाठचे पक्षी, डॉल्फिन, कासवं दिसतील का, कोणत्या महिन्यात जावं, आणि गुडघे दुखत असल्यामुळे वडिलांना फार चालवत नाही तर त्यांचं काय करायचं. मी संभाजीनगरचा. हिवाळ्यात जायकवाडीच्या नाथसागर जलाशयावर आणि पुढे कोकण किनाऱ्यावर लोकांना पक्षी दाखवायला नेणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

जरूर जा. फक्त तुम्ही महिना विचारलाय, आणि समुद्रकाठी महिन्याइतकीच तिथी महत्त्वाची असते. आपल्याकडे धरणाचा काठ वर्षातून एकदा सरकतो. दसरा-दिवाळीला पाणी काठोकाठ असतं, उन्हाळ्यापर्यंत ते खाली खाली जातं, मागे गाळ उघडा पडतो, त्यावर लोक गाळपेर करतात आणि उरलेल्या चिखलात पक्षी चरतात. समुद्राचा काठ हेच सगळं दिवसातून दोनदा करतो. त्यामुळे ‘सकाळी लवकर उठून जाऊ’ हा आपला नेहमीचा हिशेब तिथं अर्धाच लागू पडतो. सकाळी सहाला तुम्ही किनाऱ्यावर पोहोचलात आणि त्या वेळी भरती असली, तर समोर नुसतं पाणी दिसेल. चरायची जागाच बुडालेली असते, पक्षी कुठल्या तरी कातळावर डोकी पंखांत खुपसून बसलेले असतात. लोक मग म्हणतात, कोकणात पक्षी राहिले नाहीत. पक्षी असतात, वेळ चुकलेली असते.

ही वेळ काढायला कोकणातल्या जुन्या माणसांचा एक ठोकताळा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला, दुपारी एकदा आणि पहाटे एकदा. अष्टमीला आठ पाऊणे सहा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशेब ढोबळ आहे. किनाऱ्यानं दक्षिणेकडे जाल तशी भरती थोडी आधी येते, त्यामुळे सिंधुदुर्गात निघालेल्या वेळेच्या तासभर अलीकडे धरा. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, एवढं लक्षात ठेवलं की पहिल्या दिवशी पाहिलेल्या वेळेवरून पुढचे दिवस बसवता येतात. लॉजवाल्याकडे किंवा मोबाइलवर भरती-ओहोटीचं तयार वेळापत्रक मिळतं, ते घ्याच. पण पाऊणपटीचा हिशेब लेकीकडून करून घ्या. तुम्ही शिक्षिका आहात, हे गणित तिला कसं सांगायचं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता यावरून तारीख कशी निघते ते पाहा. अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. सगळ्यात मोठी ओहोटी त्याच दिवशी न येता एक-दोन दिवस मागून येते. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा पाणी थोडंच हलतं. द्वितीयेपासून पंचमीपर्यंत सिंधुदुर्गात पूर्ण ओहोटी साधारण सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान येते. कोवळं ऊन, पडलेला वारा आणि लांबपर्यंत उघडा पडलेला काठ, तिन्ही एकाच वेळी मिळतात. भरती दुपारी येते, तेव्हा तुम्ही जेवून ओसरीवर बसलेले असता. याउलट अष्टमी-नवमीला गेलात तर ओहोटी भर दुपारी उन्हात. म्हणून अमावास्येला पोहोचायचं आणि चतुर्थीच्या सुमाराला निघायचं, असा मुक्काम मी सुचवतो. शुक्ल पक्ष असो वा वद्य, हिशेब सारखाच. पण अंधाऱ्या रात्रींमुळे मी अमावास्या निवडतो. नशीब असेल तर अशा रात्री लाटा फुटताना निळसर चमकतात. पाण्यातल्या अतिसूक्ष्म जिवांचा तो उजेड असतो. तो दरवर्षी, दररोज दिसतोच असं नाही, त्यामुळे त्याचा वायदा लेकीला करू नका.

कोणती अमावास्या? मार्गशीर्षातली सुचवत नाही, कारण त्या दिवशी येळवस, म्हणजे शेतातला सण असतो आणि तेव्हा लातूरचं माणूस शेत सोडून समुद्रावर जाणार नाही. माघ अमावास्या धरा, म्हणजे महाशिवरात्रीचा दुसरा दिवस. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती येते. स्थलांतर करून आलेले पक्षी अजून किनाऱ्यावर असतात, सकाळी समुद्र शांत असतो, आणि ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांतून पिल्लं बाहेर पडायचा हंगाम चालू असतो.

निघण्याआधी एक काम करा. एखाद्या रविवारी मांजरा धरणाच्या काठावर, धनेगावला जाऊन या. जमलं तर एक मुक्काम पैठणला करून नाथसागर पाहा. जायकवाडीचं धरण १९७६ साली पूर्ण झालं आणि १९८६ मध्ये जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. पाणी उथळ, पसारा साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या घरातला, त्यामुळे पातळी जराशी उतरली तरी चिखलाचा रुंद पट्टा मोकळा होतो. रोहित (फ्लेमिंगो), पट्टकदंब, चक्रवाक असे मोठे पक्षी तर तिथं लोक पाहायला जातातच. तुम्ही त्यांच्याकडे थोडं कमी आणि पायाशी पळणाऱ्या भुऱ्या बारक्या पक्ष्यांकडे जास्त पाहा. समुद्रावर तुमचा सगळा वेळ याच मंडळींबरोबर जाणार आहे, आणि त्यांना पाहायची नजर आपल्याकडेच तयार होते.

पाहायचं काय, तर चाल. चिखल्या चार पावलं पळतो, एकदम थांबतो, मान वाकडी करतो, टोच मारतो, पुन्हा पळतो. तो डोळ्यांनी शिकार शोधतो. तुतवार आणि टिलवा खाली मान घालून शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चालवत पुढे सरकतात. त्यांच्या चोचीच्या टोकालाच स्पर्शाची जाण असते, चिखलात दडलेला किडा त्यांना दिसावा लागत नाही. शेकाट्या लांब लाल पायांवर पोटापर्यंत पाण्यात उभा राहतो. उचाट्याची चोच वर वळलेली, तो ती पाण्यात डावी-उजवी फिरवतो. एकाच चिखलात पाच जातींचे पक्षी चरतात आणि त्यांचं भांडण फारसं होत नाही, कारण प्रत्येकाची चोच वेगळ्या खोलीवर पोहोचते. रंग पाहून ओळखायला गेलात तर हिवाळ्यात सगळे राखाडी-तपकिरीच दिसतात आणि पुस्तक मिटावंसं वाटतं. चालीवरून ओळखायची सवय लागली की समुद्रावरचा अनोळखी पक्षीही अर्धा ओळखीचा वाटतो. तिथं त्याच घराण्यातले मोठे लोक भेटतात: खाली वाकलेल्या लांब चोचीचा कर्ल्यू, जो खेकड्याच्या बिळात जवळजवळ डोळ्यांपर्यंत चोच घालतो, आणि लाट मागे हटली की तिच्यामागे धावणारा, लाट आली की तिच्यापुढे पळणारा पांढुरका सँडरलिंग.

आता तुमच्या खाडीकडे येतो. खाडीकाठच्या मुक्कामाचा खरा फायदा असा की भरती आणि ओहोटी दोन्ही एकाच जागेवरून पाहता येतात. वडिलांसाठी हे फार सोयीचं आहे. त्यांना सकाळी साडेसहाला चहा देऊन खाडीच्या बाजूला, उतरत्या पाण्याकडे तोंड करून खुर्चीत बसवा. पहिल्या दहा मिनिटांत काही घडणार नाही. मग चिखल हलायला लागेल. निवटी नावाचा मासा पुढच्या पंखांवर सरपटत पाण्याबाहेर येतो, ओल्या अंगानं बाहेरच्या हवेतही तग धरतो, आणि शेजारचा निवटी हद्दीत आला की पाठीवरचा पंख उभारून त्याच्यावर धावतो. बाजूला एकच नांगी मोठी असलेले छोटे खेकडे दिसतील. मोठी नांगी फक्त नराला असते आणि खायला तिचा उपयोग नाही. तो लहान नांगीनं चिखल तोंडात घालत असतो आणि मोठी नांगी वर-खाली करून मादीला बोलावत असतो. घारीची सावली पडली की अख्खा काठ एका क्षणात रिकामा होतो. मग हलायचं नाही. पाच मिनिटांत एकेक डोळा बिळाबाहेर येतो.

वाळूवर लेकीला घेऊन उकिडवं बसा. ओहोटी लागून थोडा वेळ झाला की ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल, मधे एक छिद्र आणि त्याभोवती किरणांसारख्या ओळी. हे काम वाटाण्याएवढ्या खेकड्याचं. तो वाळू तोंडात घेतो, कणांना चिकटलेलं सूक्ष्म शेवाळ आणि सेंद्रिय गाळ काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. बिळापासून बाहेर सरळ रेषेत चरत जायचं, परत यायचं, जरा वळून दुसरी ओळ धरायची. परतीची एक वाट तो मुद्दाम मोकळी ठेवतो, म्हणजे धोका दिसला की थेट बिळात. पुढची भरती सगळं पुसून टाकते आणि ओहोटीला काम नव्यानं सुरू होतं. मला विचाराल तर डॉल्फिनच्या फेरीपेक्षा मुलांना हे जास्त आठवणीत राहतं, आणि यासाठी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

भरतीच्या वेळी खाडीचं तोंड पाहा. आत शिरणाऱ्या पाण्याबरोबर बोयांसारखे मासे येतात आणि त्यांच्यामागे खंड्या, बगळे, ब्राह्मणी घार. किनाऱ्यावरच्या उंच झाडावर समुद्र गरुडाचं घरटं असू शकतं. तपकिरी-लाल अंग आणि पांढरं डोकं दिसलं तर ती ब्राह्मणी घार, आपल्याकडेही तळ्यांवर दिसते. समुद्र गरुड तिच्यापेक्षा खूप मोठा, वर राखाडी, खाली पांढरा, तरंगताना पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उचललेले. माशांबरोबर तो समुद्री सापही उचलतो. घरटं वर्षानुवर्षं तेच वापरतो, म्हणून कुणी ‘घरट्याखाली नेऊन फोटो काढून देतो’ म्हणालं तर नाही म्हणा. लांबून दुर्बिणीनं सगळं दिसतं. मागच्या डोंगरउतारावर धनेश दिसला तर आश्चर्य वाटू देऊ नका. काजऱ्याची फळं आपल्याला विषारी, तो आवडीनं खातो.

डॉल्फिनबद्दल स्पष्ट सांगतो. किनाऱ्याजवळ दिसतात ते बहुधा पाठीवर उंचवटा असलेले, राखाडी, उथळ पाण्यात राहणारे डॉल्फिन. सिनेमात दाखवतात तशा उड्या ते क्वचितच मारतात. श्वास घ्यायला पाठ वर येते, छोटा पर दिसतो, पुन्हा पाणी. मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याच्या वेळात, सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत, समुद्र सपाट असतो आणि उंच कड्यावरून किंवा जेटीवरून ते दुर्बिणीनं छान दिसतात. दुपारी खारे वारे सुटले की लाटांवर पांढरा फेस येतो आणि त्यात पाठ ओळखणं कठीण. होडीनं जायचंच असेल तर चढण्यापूर्वी नावाड्याला सांगा: पाठलाग नको, कळपाच्या वाटेत आडवी होडी नको, जवळ गेल्यावर इंजिन हळू. पिल्लू बरोबर असेल तर परत फिरायचं. ‘डॉल्फिन हमखास, नाहीतर पैसे परत’ अशी पाटी जिथं असेल तिथं जाऊच नका. हमखास दाखवायचं म्हटलं की पाठलाग आलाच.

कासवांचं असं आहे. मादी रात्री वाळूवर येते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. ती नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. ऊब जास्त असेल तर माद्या जास्त. कोल्हे, कुत्री आणि माणसं यांच्यापासून वाचवायला गावकरी अंडी कुंपणात आणून पुरतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ पासून गावाला बरोबर घेऊन हे काम उभं केलं, आणि त्यातून कासव महोत्सव व घरगुती मुक्काम सुरू झाले. सिंधुदुर्गात वायंगणी, तांबळडेग अशा किनाऱ्यांवर घरटी होतात. तुमच्या लॉजजवळ कुणी हे काम करत असेल तर आदल्या दिवशी त्यांना फोन करा आणि ते सांगतील त्या वेळी, दोरीच्या मागे उभे राहा. पिल्लाला हात लावायचा नाही, उचलून पाण्यात सोडायचं तर मुळीच नाही. मोबाइलचा फ्लॅश आणि टॉर्च बंद. पिल्लं उजेडाकडे वळतात, आणि किनाऱ्यावरचा दिवा त्यांना समुद्रापासून उलट दिशेला नेतो.

म्हणूनच खोली पक्की करण्यापूर्वी लॉजवाल्याला पहिला प्रश्न हा विचारा: रात्री समुद्राच्या बाजूचे दिवे बंद करता का? उत्तर देताना तो अडखळला तर जागा बदला. मग विचारा, गावातला एखादा मासेमार किंवा कालवं (शिंपले) काढणारी मावशी सकाळी बरोबर येईल का? कोणत्या चिखलात पाय रुततो, कुठं शेपटीला काटा असलेला पाकट मासा वाळूत दबून बसतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. त्यांच्या वेळेचे पैसे न मागता द्या. पोहण्याचा तलाव, गाणीबजावणी, शेकोटी ही जिथली जाहिरात असेल तिथं वन्यजीव पाहायला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

सुरक्षिततेत कसूर नको. आपण मराठवाड्याची माणसं, पाणी वाढताना पाहायची सवय आपल्याला नाही. ओहोटीत खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध उघडा पडतो, पलीकडे चालत जाता येतं, आणि भरती वळली की मागची वाट आधी बुडते. पूर्ण ओहोटीची वेळ झाली की परत फिरायचं, तिथून पुढे एकही फोटो नाही. अनोळखी किनाऱ्यावर गुडघ्यापेक्षा जास्त पाण्यात उतरू नका, वरून शांत दिसणाऱ्या पट्ट्यातच ओढ असते. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूवर घासत चाला, म्हणजे पाकट बाजूला होतो. जिवंत शंख उचलू नका, काहींचा डंख घातक असतो. वडिलांची औषधं चार दिवसांऐवजी आठवड्याची घ्या, होडी बंद पडली तर गावातल्या दुकानात ती मिळतीलच असं नाही.

सामान थोडकं पुरे. आठ बाय बेचाळीसची एक दुर्बीण. दहापट मोठं दाखवणारी हातात थरथरते आणि मुलांना झेपत नाही. रोज संध्याकाळी ओल्या कापडानं तिचं खारं पुसा. मागून घट्ट बसणारे सँडल, टोपी, फिक्या मातकट रंगाचे कपडे, एक वही. वहीत पक्ष्याचं नाव नाही आलं तरी चालेल, वेळ आणि पाणी चढतं होतं की उतरतं, एवढं लिहा. नागपूर-रत्नागिरी महामार्ग तुमच्या औशावरूनच जातो. कोल्हापूरला मुक्काम करा आणि घाट दिवसाउजेडी उतरा, कारण होडीचा टप्पा अंधारात करायचा नाही.

माघ अमावास्या जमली नाही तर फाल्गुन अमावास्या चालेल. ऊन वाढलेलं असतं, पण उत्तरेकडे निघायच्या तयारीतल्या चिखल्यांच्या छातीवर तेव्हा विटकरी रंग चढायला लागतो, जो हिवाळ्यात दिसत नाही. अडचण एवढीच की दुसऱ्या दिवशी पाडवा येतो. गुढी घरीच उभारायची असेल तर माघ पौर्णिमा पाहा, ओहोटीचा हिशेब तोच. फाल्गुन पौर्णिमा मात्र टाळा. तेव्हा कोकणात शिमगा असतो, मुंबईकर गावी आलेले असतात, नावाडी पालखीत असतो, आणि त्याला त्या दिवसांत होडीवर बोलावणं बरोबरही नाही.